शेजारचे जोते आणि आपली बाग

पावसाळ्यात बागेतील पपई अकस्मात मान टाकते, गुलाबाची पाने पिवळी पडतात, आणि कीड लागली असावी असे समजून आपण फवारणी करतो. माती ओली असूनही झाड कोमेजलेले दिसते, म्हणून कोणी त्याला आणखी पाणीही घालतो. वाचकहो, अशा वेळी कुंपणापलीकडे एकवार पाहावे. तेथे नुकतेच नवे घर उभे राहिले असेल, तर दुखण्याचे मूळ बहुधा तेथेच सापडेल. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजू लागतात.

बंगळूरमध्ये हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसले आहे. मोठी नदी तेथे नाही. पावसाचे पाणी हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट आणि वृषभावती या तीन खोऱ्यांकडे उतरत जाते. जुन्या लोकांनी या उतारांवर तलावांच्या माळा गुंफल्या होत्या. वरचा तलाव भरला की त्याचे जादा पाणी खालच्या तलावात जाई. पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. या वाटा अडल्या म्हणजे काय होते, ते सप्टेंबर २०२२ मध्ये बेल्लंदूर आणि सर्जापूर रस्त्याच्या परिसरातील रहिवाशांनी घरात शिरलेल्या पाण्यात उभे राहून पाहिले. दोन घरांमधील कुंपणाशी घडते तेही हेच. फक्त लहान प्रमाणावर.

पाणी येते कोठून?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. बंगळूरमधील नेहमीचा भूखंड ३० फूट रुंद व ४० फूट लांब, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटरांचा असतो. तो छपराने आणि फरशीने पुरता झाकला गेला, तर २५ मिलिमीटरांच्या एका सरीत त्यावर सुमारे पावणेतीन हजार लिटर पाणी जमते. दोनशे लिटरांची चौदा पिंपे भरतील इतके! पूर्वी यातील पुष्कळसे पाणी तेथल्या मातीतच मुरत असे. आता ते वाट शोधते, आणि जुने घर सखल असल्यास ती वाट त्याच्या बागेतून जाते.

मात्र प्रत्येक बागेचे दुखणे एकच नसते. शेजारी भराव घालून जोते उंच केले असेल, तर पाणी भिंतीखालून झिरपत येते. याउलट, आपलेच पाणी पूर्वी शेजारच्या मोकळ्या जागेतून निघून जात असेल, तर नवी भिंत त्याची वाट अडवते. कधी राडारोड्याने गटार तुंबलेले असते. कधी सिमेंटचे धुवण मातीवर थर धरते. म्हणून एखाद्या जोराच्या सरीत छत्री घेऊन बाहेर पडावे, पाणी कोठून येते व कोठे थांबते ते पाहावे, आणि तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. गवंड्याकडून पाणसळीने उतार मोजून घेतल्यास तर्काला जागाच उरत नाही.

बोलावे केव्हा?

पाया खणला जात असतानाच. गिलावा झाल्यावर नळीचे तोंड फिरवणे खर्चाचे होते, आणि मनेही कठीण होतात. जोते किती उंच, छपराच्या पन्हळी कोठे उतरणार, भिंतीत पाण्याला वाट ठेवली आहे काय, हे तीन प्रश्न नम्रतेने विचारावेत. २००९ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १२०० चौरस फूट व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या घरांना पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला. शेजाऱ्याला याची केवळ आठवण करून दिली, तरी पुष्कळदा काम भागते.

कायदाही जाणून घ्यावा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवरून स्वाभाविकपणे वाहत येणारे पाणी खालच्या मालकाने येऊ द्यावे लागते. छपरावर गोळा करून नळीने सोडलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. परंतु असे पाणीही कोणी वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून, विनाअडथळा सोडत राहिला, तर तो त्याचा हक्क ठरू शकतो. यास्तव शेजाऱ्याला तात्पुरती मुभा दिल्यास ती कागदावर तशीच नोंदवावी. बोलण्याने न भागल्यास महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी. २०२५ पासून शहरात पाच महानगरपालिका आहेत, तेव्हा आपले घर कोणत्या हद्दीत येते ते आधी पाहावे. दिवाणी न्यायालय हा अखेरचा उपाय होय.

आपल्या हाती काय?

कुंपणाच्या आतून दीड फूट खोल चर खणून त्यात छिद्रांची नळी व खडी घालावी आणि दर दहा फुटांस सव्वा इंच उतार द्यावा. चराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. त्याआधी जमीन पाणी पिते की नाही, ते पारखावे. फूटभर खोल खड्डा दोनदा पाण्याने भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी दिवसभर तसेच राहिले, तर तेथे शोषखड्ड्याचा उपयोग नाही. घराच्या पायापासून तो निदान दहा फूट दूर असावा. पावसाचे पाणी मैलापाण्याच्या नळीत मात्र कदापि सोडू नये. ते उलटून घरात येते. गुलाब व भाजी उंच वाफ्यांवर घ्यावी; सखल कोपऱ्यात कर्दळ, केळी, अळू लावावे. खोडाभोवती भरावाची माती चढली असल्यास ती दूर करावी.

एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या चराचे तोंड तिसऱ्या घराच्या बागेत उघडू नये. जे शेजाऱ्याकडून आपल्याला नको वाटले, ते पुढच्या शेजाऱ्याच्या दारी नेऊन टाकणे हा शेजारधर्म नव्हे. प्रत्येक घराने आपल्या छपरावरचे पाणी शक्य तेवढे आपल्याच मातीत मुरवले, तर बागाही वाचतील आणि शेजारही.