पतंग-सापळा
निशाचर पतंगांना (कीटकांना) दिव्याकडे आकृष्ट करून त्यांची नोंद करण्याचे साधन. जंबुपार (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण देणारा दिवा, त्यामागे पांढरा पडदा किंवा खाली नरसाळे बसविलेली पेटी, अशी याची रचना असते. ओळख पटल्यावर पतंग सोडून देतात. चांदण्या रात्री पतंग कमी येतात. शहरी उजेडानेही सापळ्याचे आकर्षण घटते. सह्याद्रीतील ॲटलास पतंगासारखे काही पतंग प्रौढावस्थेत अन्न घेत नाहीत व थोडेच दिवस जगतात. त्यामुळे वसईच्या पूर्वेकडील तुंगारेश्वर अभयारण्यासारख्या (स्थापना २००३) नगरालगतच्या वनात उन्हाळ्यातील एखाद्या रात्री एखादी जाती न आढळणे, हा तिच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी सर्व ऋतूंत, अमावास्येच्या सुमारास, वारंवार नोंदी घेणे आवश्यक असते.