हवेचा स्वेटर, आपल्या मापाचा!

एक कोडं घालते. घडी घातली की दप्तराच्या कोपऱ्यात मावतो. वजनाला एखाद्या वहीसारखा. अंगात घातला की थंडी पळते, आणि त्याच्यात सगळ्यात जास्त भरलेली असते ती हवा. पण फुगा नाही बरं का! सांगा पाहू काय?

स्वेटर! क्रोशाच्या एका सुईवर विणलेला, हलका, मऊ, भुसभुशीत स्वेटर. आज तो कसा करायचा ते पाहू. फक्त विणकामच नाही, थोडं विज्ञान आणि बरंचसं गणितही आहे. घाबरू नका, त्रैराशिक येत असेल तर पुरे.

आमचं अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरात वर मोलगी, त्याहून वर डाब. डाब आणि वालंब्याकडे काही हिवाळ्यांत पहाटेचं दव चक्क गोठतं, गवतावर पांढरा थर दिसतो. सकाळच्या शाळेला येणारी मुलं हात काखेत घालून कुडकुडत येतात. पण गंमत अशी, की दुपारच्या सुट्टीपर्यंत ऊन चटके द्यायला लागतं. मग सकाळी घातलेला जाडजूड स्वेटर कुंपणावर, कमरेला, नाहीतर झाडाच्या फांदीवर! संध्याकाळी तिथेच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुडकुडणं. म्हणजे आपल्याला हिमालयातला स्वेटर नकोच आहे. आपल्याला हवा पहाटे ऊब देणारा आणि दुपारी दप्तरात जाणारा.

दुसरी अडचण मापाची. स्वेटर लुधियानाहून येवो की थंडीत शहरात दुकानं लावणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून, त्याची मापं ठरलेली: अठ्ठावीस, तीस, बत्तीस. तुमचं अंग त्या आकड्यांना विचारून वाढलेलं नसतं! शिवाय आई म्हणते, "दोन वर्षं पुरला पाहिजे, मोठाच घेऊ." पहिल्या वर्षी बाह्या बोटांच्याही खाली लोंबतात, ढगळ गळ्यातून वारा आत शिरतो. तिसऱ्या वर्षी मनगटं उघडी. नीट बसला तो फक्त मधल्या हिवाळ्यात. आईची चूक नाही. पैसे झाडाला लागत नाहीत. पण हाताने विणलेल्या स्वेटरला ही अडचण सोडवता येते, आणि म्हणूनच हा लेख.

आधी विज्ञान. स्वेटर स्वतः गरम नसतो. ऊब असते ती तुमच्या अंगाची. स्वेटर तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. आणि हे काम धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा जास्त करते. थांबलेली हवा उष्णता फार हळू वाहून नेते. पाणी तीच उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने नेतं, म्हणून ओला स्वेटर अंगावर असला तर थंडी जास्त वाजते. घरी प्रयोग करून बघा. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या, मोठ्यांकडून दोन्हींत सारखंच गरम पाणी ओतून घ्या. सारखाच कापूस दोन वाटे करून एक दाबून घट्ट गुंडाळा, दुसरा पिंजून फुलवून. वर झाकण ठेवा. अर्ध्या तासाने बोट लावून पाहा, कुठलं पाणी जास्त कोमट आहे ते.

भुसभुशीत स्वेटरचं रहस्य हेच. धागा बारीक आणि केसाळ घ्यायचा, सुई मात्र जाड. एरवी बारीक धाग्याला बारीक सुई लावतात. इथे मुद्दाम उलटं: पाच किंवा सहा मिलिमीटरची सुई. टाके सैल पडतात, मध्ये जागा राहते आणि धाग्याचे केस त्या जागेत पसरून हवा धरून ठेवतात. असा केसाळ धागा मूळचा अंगोरा शेळीचा. त्याला मोहेर म्हणतात, आणि अंगोरा म्हणजे तुर्कस्तानची आजची राजधानी अंकारा. अंगोरा जातीच्या सशांचीही लोकर निघते, ते ससे हिमाचल प्रदेशात कुलूकडे पाळतात. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र राठ. तिची घोंगडी पावसात-थंडीत एक नंबर, पण गळ्याला टोचणारा स्वेटर कोण घालणार? आपल्या बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, म्हणजे कारखान्यात बनवलेला धागा. स्वस्त, धुवायला सोपा, रंगीबेरंगी. चालेल. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ॲक्रिलिक आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. भुसभुशीत कापड पेटही पटकन घेतं. आपल्याकडे पहाटे चुलीशी, शेकोटीशी बसायची सवय. शेकायला बसताना हा स्वेटर काढून ठेवायचा. आईबाबांनो, हे वाक्य मुलांना दोनदा वाचून दाखवा.

आता क्रोशा. हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. सुईच्या टोकाला आकडा असतो ना, तोच. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उभे असतात, एक निसटला की ओळच्या ओळ उसवत जाते. क्रोशात सुईवर जवळजवळ नेहमी एकच फास असतो. बसमध्ये, ओट्यावर, कुठेही विणकाम थांबवा आणि पुन्हा सुरू करा. आणि स्वेटर विणणारी यंत्रं कितीही असली तरी खरा क्रोशा अजून हातानेच होतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला, तेव्हा कितीतरी घरं क्रोशाची लेस विकून तगली. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या बायकांच्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

"बाई, हे तर मुलींचं काम!" असं कार्यानुभवाच्या तासाला एखादा मुलगा हमखास म्हणतो. नर्मदेकाठी मणिबेलीकडे मासे धरायचं जाळं विणणाऱ्याला जाऊन सांग म्हणावं! धागा, गाठ आणि मोजलेली भोकं, दोन्हीकडे तेच तर आहे.

टाके तीनच शिकायचे. पहिला साखळी: फासातून धागा ओढत जायचं. दुसरा मुका खांब, बुटका आणि घट्ट. तिसरा खांब: सुईवर आधी धाग्याचा एक वेढा, मग टाक्यात सुई घालून धागा ओढायचा, की सुईवर तीन फास होतात. ते दोन-दोन करून सोडवायचे. खांब उंच असतो, म्हणून विणकाम भराभर वाढतं आणि हलकं राहतं. हात बसेपर्यंत साध्या गुळगुळीत धाग्यावर सराव करा. केसाळ धाग्यात टाका दिसत नाही, नवशिक्याला रडू येतं. आई, आजी किंवा शेजारच्या काकूंपैकी कुणाला तरी येत असेलच. एक दुपार त्यांच्याजवळ बसा. पुस्तकात वाचून जे आठ दिवसांत जमत नाही ते शेजारी बसून तासाभरात जमतं.

आणि आता खरी गंमत, माप.

आधी नमुना विणायचा. १८ टाके रुंद, ९ ओळी उंच असा चौकोन, सगळा खांबांचा. मुलांना याचा फार कंटाळा, "थेट स्वेटरच सुरू करू ना!" नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. नमुन्याच्या मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या ते मोजा. समजा १२ टाके आणि ६ ओळी आल्या.

मग सदऱ्यावरून छातीचा घेर घ्या. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि ती पट्टीवर मोजा. समजा ६० सेंटिमीटर आला. स्वेटर सैल हवा, आत हवा राहिली पाहिजे, म्हणून १० मिळवा. झाले ७०. आता मांडा त्रैराशिक: १० सेंटिमीटरला १२ टाके, तर ७० सेंटिमीटरला किती? १२ गुणिले ७० भागिले १०, उत्तर ८४. झाला तुमचा आकडा!

हा आकडा मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतला तर काय होईल? समजा तुमचा हात घट्ट आहे, १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके बसतात. मग ८४ टाक्यांचा स्वेटर होईल ६० सेंटिमीटरचा, म्हणजे बरोब्बर छातीएवढा. श्वास घेतला की बटणं ताणणार! हात सैल असून १० टाके बसत असतील तर होईल ८४ सेंटिमीटर, म्हणजे पोतं. आकडा तोच आणि सुईही तीच, पण स्वेटर तीन वेगळे. म्हणून उत्तर नाही, रीत उतरवून घ्या.

आपण वरून खाली विणणार आहोत, गळ्यापासून. पुढून उघडा, बटणांचा. गळ्यासाठी ४४ टाक्यांएवढी साखळी घाला, वळणाच्या साखळ्या वेगळ्या. त्या ४४ ची वाटणी अशी: पुढचा भाग ७, बाही ७, पाठ १६, बाही ७, दुसरा पुढचा भाग ७. जिथे दोन भाग भेटतात अशा चार जागा झाल्या. तिथे रंगीत दोरे बांधून खूण करा. प्रत्येक ओळीत खुणेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टाक्यात एकाऐवजी दोन-दोन खांब घालायचे. म्हणजे एका ओळीत ८ टाके वाढतात. अशा १० ओळी झाल्या की पाठीचे ३६, पुढचे १७ आणि १७, बाह्यांचे २७-२७ टाके होतात. बेरीज १२४ येते का ते तुम्हीच तपासा.

आता बाहीचे २७ टाके विणायचे नाहीत, नुसते सोडून द्यायचे. त्यांच्या जागी काखेखाली ७ साखळ्यांचा पूल बांधून पलीकडे पाठीवर जायचं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. १७, ७, ३६, ७, १७, मिळून किती? ८४! त्रैराशिकाने काढलेला आकडा इथे समोर येऊन उभा राहतो, तेव्हा वर्गात "हो की!" असा आवाज होतो. पुढे न वाढवता खाली विणत जा. काखेपासून साधारण १५ ओळी म्हणजे २५ सेंटिमीटर. पण लांबी तुम्हाला हवी तेवढी, कारण मधेच अंगात घालून बघता येतं. कुणी उंच, कुणी बुटका, कुणाचं पोट थोडं पुढे. वरून खाली विणण्याचा हाच फायदा.

मग सोडलेल्या बाह्या. २७ आणि काखेतले ७ मिळून ३४ टाके. ते गोल विणत जायचं आणि दर तिसऱ्या ओळीत २ टाके कमी करायचे. १८ ओळींत मनगटाशी २२ उरतात. शेवटी गळ्याला, पुढच्या दोन्ही कडांना, मनगटाला आणि खालच्या घेराला मुक्या खांबाच्या तीन-तीन ओळी. एका कडेवर बटणं लावा. खांबांमधल्या फटीत बटण बसतं, वेगळी काजं करायलाही नकोत.

गळ्यापासून काखेकडे तिरक्या जाणाऱ्या या बाहीला रॅग्लन म्हणतात. लॉर्ड रॅग्लन नावाच्या इंग्रज सेनानीचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत गेला. त्याला घालायला सोपं पडावं म्हणून अशी बाही निघाली असं सांगतात. पुढे क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, बालाक्लाव्हाच्या लढाईत हाच रॅग्लन सेनापती होता आणि घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्यात पुढे होता लॉर्ड कार्डिगन. पुढून उघडणाऱ्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात तो हाच! आणि आपली माकडटोपी? तिचं इंग्रजी नाव बालाक्लाव्हा. एका लढाईतून थंडीचे तीन कपडे.

धागा किती आणायचा? तेही गणितच. नमुना तयार आहेच, तो १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. सोनाराच्या काट्यावर त्याचं वजन करून घ्या. समजा ७ ग्रॅम भरला. या मापाच्या स्वेटरचं सगळं कापड साधारण ५,००० चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे असे बावीस-तेवीस नमुने. १५५ ते १६० ग्रॅम. पट्ट्यांसाठी थोडा आणि पुढच्या वर्षासाठी चाळीस-पन्नास ग्रॅम धरून सव्वादोनशे ग्रॅम एकदमच आणा. नंतर त्याच रंगाचा गुंडा मागितला तर छटा हमखास वेगळी निघते.

पुढच्या वर्षासाठी कशाला? सांगते. शाळकरी वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात, पण छाती त्यामानाने थोडीच वाढते. म्हणजे स्वेटर आधी आखूड होतो, घट्ट नंतर. क्रोशाचं काम फक्त शेवटच्या टाक्याकडून उसवतं, आणि आपण वरून खाली आलो आहोत, म्हणजे शेवटचा टाका खालच्या घेरालाच आहे! दिवाळीच्या सुट्टीत खालची पट्टी उसवायची, खांबांच्या तीन ओळी घालायच्या, म्हणजे पाच सेंटिमीटर, आणि पट्टी पुन्हा विणायची. बाह्यांचंही तसंच. बटणपट्टी तेवढी खाली वाढवायची. छातीत १० सेंटिमीटर सैल ठेवलेत ना, ते आता उपयोगाला येतात. धाकट्या भावंडाला द्यायचा झाला तर याच रीतीने कमीही करता येतो.

फक्त एक युक्ती आधीच करून ठेवा. केसाळ धागा उसवताना एकमेकांत गुंततो आणि ओढला तर तुटतो. म्हणून घेराच्या आणि मनगटाच्या पट्ट्या त्याच रंगाच्या साध्या, गुळगुळीत धाग्याने विणा. धुताना कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाबायचा, पिळायचा नाही. वाळवताना दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांब होतो, म्हणून खाटेवर जुनं लुगडं पसरून त्यावर आडवा ठेवायचा. वाळला की हातांनी थोडा झटकायचा, केस पुन्हा उभे राहतात.