चषकाआधी प्रशिक्षक

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांमध्ये एक चर्चा ठरलेली असते. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, सनदी लेखापालाची परीक्षा द्यावी, की थेट पेढीवर बसून व्यवहार शिकावा? मुलीला पुण्याला पाठवावे की नागपूरला? अलीकडे या चर्चेत एक अनपेक्षित विषय डोकावू लागला आहे. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, 'मला क्रीडा प्रशिक्षणाचे शिक्षण घ्यायचे आहे.' वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'खेळ शिकवायला पदवी कशाला लागते?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर राजुऱ्याच्या परिसरातच सापडते.

वर्धा नदीच्या पलीकडचा राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे तो चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. कापूस, कोळसा आणि सिमेंट ही या भागाची ओळख. त्या पलीकडे माणिकगडच्या डोंगररांगांत गोंड आणि कोलाम समाजाची गावे. याच परिसरातील देवाडा आणि जिवती, तसेच चंद्रपूर तालुक्यातील बोर्डा येथील शासकीय आश्रमशाळांतून 'मिशन शौर्य' या मोहिमेसाठी दहा विद्यार्थी निवडले गेले. मे 2018 मध्ये त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले.

या यशाचे वर्णन 'जंगलातील मुले मुळातच काटक असतात' असे करून अनेकजण मोकळे झाले. वस्तुतः काटकपणा त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. शिखर मात्र 2018 मध्ये गाठले गेले. फरक पडला तो पद्धतशीर निवडीमुळे, टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या सरावामुळे, दार्जिलिंग आणि लडाखच्या थंडीत शरीराला विरळ हवेची सवय लावणाऱ्या जाणकार प्रशिक्षकांमुळे. गुणवत्ता हेरणे, तिला योग्य वयात योग्य भार देणे आणि तिला वरच्या पायरीपर्यंत पोहोचवणे, यालाच क्रीडा विकास म्हणतात. विद्यापीठात शिकवला जातो तो हाच विषय.

नेमके काय शिकवतात?

क्रीडा प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे शास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, आहार, दुखापतींचे प्रतिबंधन आणि सरावाचे वार्षिक नियोजन हे विषय असतात. हे सारे पुस्तकी वाटू शकते. पण मैदानावर त्याचा अर्थ अगदी रोखठोक असतो. बारा-चौदा वर्षांच्या वयात मुलांची हाडे झपाट्याने वाढतात. त्या काळात उड्या आणि धावण्याचा अतिरेक झाला तर गुडघ्याखाली, जिथे स्नायूबंध हाडाला जोडलेला असतो, तिथे वेदना आणि सूज येते. न शिकलेला प्रशिक्षक त्याला 'आळस' म्हणतो आणि आणखी दोन फेऱ्या मारायला लावतो. शिकलेला प्रशिक्षक सरावाचा भार कमी करतो आणि मुलाला डॉक्टरांकडे पाठवतो. एका मुलाचे खेळातील आयुष्य या दोन निर्णयांच्या मधल्या अंतरावर अवलंबून असते.

चंद्रपूर जिल्ह्यात तर हे ज्ञान अधिकच निकडीचे आहे. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात सरावाची वेळ, पाण्याचे प्रमाण आणि उष्माघाताची पहिली लक्षणे ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. यावर पहाटे सराव घ्यावा, हा सहज सुचणारा उपाय. परंतु जंगलालगतच्या गावांत तोही विचारपूर्वकच योजावा लागतो. 2020 मध्ये राजुरा परिसरात अनेकांचा बळी घेणाऱ्या 'आरटी-1' या वाघाला ऑक्टोबर महिन्यात जेरबंद करण्यात आले, ही आठवण अजून ताजी आहे. अंधारात एकट्या मुलीला रस्त्यावर धावायला पाठवायचे की उजाडल्यावर गटाने, बंदिस्त मैदानात सराव घ्यायचा, हा येथे प्रशिक्षकाच्या जबाबदारीचा भाग ठरतो. मुलांशी वागण्याच्या मर्यादा आणि 2012 चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा यांची जाणीवही त्याच जबाबदारीत येते.

शिक्षणाच्या वाटा

या क्षेत्रात तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. पालक त्यांची गल्लत करतात आणि मग पैसा व वर्षे वाया जातात.

पहिली वाट शाळेतील शारीरिक शिक्षकाची. पदवीनंतर दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम हा तिचा प्रचलित मार्ग आहे आणि त्यासाठी महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असावी लागते. विदर्भाला या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली होती. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 मध्ये, अठराशे सत्तावनच्या शताब्दीनिमित्त, स्थापन झाली.

दुसरी वाट विशिष्ट खेळाच्या प्रशिक्षकाची. 1961 मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात सुरू झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था आज नेताजी सुभाष यांच्या नावाने ओळखली जाते. तिची एक वर्षाची प्रशिक्षण पदविका देशभर प्रमाण मानली जाते. तेथे प्रवेशासाठी शिक्षणाबरोबर खेळातील कामगिरीही पाहिली जाते. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. मात्र तो पदविकेला पर्याय नव्हे. इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात बारावीनंतर क्रीडा प्रशिक्षणाची चार वर्षांची विज्ञान पदवी घेता येते. त्या विद्यापीठाचा कायदा संसदेने 2018 मध्ये संमत केला. महाराष्ट्रानेही 2020 मध्ये पुण्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला.

तिसरी वाट क्रीडा विकास आणि व्यवस्थापनाची. यात स्पर्धांचे आयोजन, मैदानांची देखभाल, निधी उभारणी आणि अकादमी चालवणे येते. हिशेबाचे बाळकडू मिळालेल्या मुलांना ही वाट विशेष मानवते. ब्रिटनमधील लफबरोसारख्या विद्यापीठांत हे विषय शिकता येतात. तेथे पदव्युत्तर शिक्षण बहुधा एका वर्षाचे असते. मात्र तेथील पदवी आणि त्या-त्या खेळाच्या संघटनेचा प्रशिक्षक परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे आधीच समजून घ्यावे.

घरातल्या शंका

पहिली शंका उत्पन्नाची. ती रास्त आहे. कायम सरकारी पदे थोडी आहेत आणि अनेक नेमणुका कंत्राटी असतात. अकादमी सुरू केली तर मैदानाचे भाडे, परीक्षांच्या काळातील ओस पडलेले महिने आणि पावसाळा यांचा हिशेब मांडावाच लागतो. दुकानाची पहिली तीन वर्षे ज्या धीराने काढली जातात, तोच धीर येथेही हवा. म्हणूनच मुलाने पदवीबरोबर एखादा खेळ निदान आंतरविद्यापीठ पातळीपर्यंत खेळलेला असणे आणि शिकवण्याची खरी आवड असणे, या दोन अटी घरच्यांनी जरूर घालाव्यात. केवळ अभ्यास टाळण्यासाठी ही वाट धरणाऱ्याची पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकापुढे निराशा होते.

दुसरी शंका आहाराची. मांसाहाराशिवाय खेळाचे शिक्षण झेपेल का? नियमित व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला 72 ते 120 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 22 ते 24 ग्रॅम, तेवढ्याच सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दूध, दही, पनीर आणि शेंगदाणे जोडीला आहेतच. तेव्हा अडचण प्रथिनांची नाही, वेळेची आहे. मैदानाचा दुसरा सराव संध्याकाळी असतो आणि हिवाळ्यात चंद्रपूरकडे पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या विद्यार्थ्याने दिवसाचा मुख्य आहार दुपारी घ्यावा लागतो आणि सरावानंतरच्या उपाशी रात्रीचा विचार करून सरावाचा भार बेतावा लागतो. वसतिगृहाच्या भोजनालयात कंदमुळांशिवायचे जेवण आणि सूर्यास्तापूर्वीची पंगत मिळेल का, हे शुल्क भरण्यापूर्वी विचारलेले बरे.

तिसरी शंका मुलींबाबतची. याचे उत्तर महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या नेमबाज आहेत. शिवाय गावोगावच्या पालकांना मुलीसाठी महिला प्रशिक्षक हवी असते. ती नसल्यामुळेच अनेक मुलींचे मैदान सातवी-आठवीत सुटते.

दानाची दिशा

राजुऱ्याजवळ सुविधा नाहीत असेही आता म्हणता येत नाही. बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. परंतु पावसाळ्यात वर्धेला पूर आला की बल्लारपूर-राजुरा रस्ता बंद पडतो. संकुल पलीकडच्या तीरावर असले, तरी तालुक्यातल्या मुलांना रोज हात देणारा जाणता माणूस अलीकडच्याच तीरावर हवा.

गावोगावच्या व्यापाऱ्यांनी खेळांना मदत करण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. कबड्डीचे सामने असोत की क्रिकेटची स्पर्धा, चषक, रोख बक्षिसे आणि मंडपाचा खर्च बाजारपेठेतूनच उभा राहतो. स्पर्धा तीन दिवसांत संपते. चषक कपाटात जातो. त्याच निधीचा काही भाग दरवर्षी बाजूला ठेवून तालुक्यातील एका होतकरू खेळाडूला, मग तो आश्रमशाळेतला असो वा पेठेतला, पतियाळा किंवा ग्वाल्हेरला पाठवता येईल. परत येऊन निदान तीन वर्षे तालुक्यातील मुलांना शिकवण्याची अट लिहून घ्यावी. अशी पाच माणसे तयार झाली, तर प्रत्येकी तीस-चाळीस मुलांचे गट धरून दीड-दोनशे मुलांना शास्त्रशुद्ध सराव मिळेल.

ज्या घरात एखाद्या मुलाने वा मुलीने हा विषय काढला असेल, त्यांनी एवढे करावे: संस्थेची मान्यता तपासावी, तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे, आणि प्रवेशापूर्वी मुलाला उन्हाळ्याची सुटी एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काढू द्यावी. दोन महिने रोज सकाळी इतरांची मुले सांभाळून, त्यांच्या चुका न चिडता सुधारून तो थकला नाही, तर त्याला खुशाल पाठवावे.