एसीचा प्लग गरम लागतोय?

मार्च उजाडला, की चार-पाच महिने बंद असलेला एसी पुन्हा सुरू होतो. फिल्टर धुतला, गॅस तपासला, थंड हवा आली, की सर्व्हिसिंग झाले असे मानले जाते. प्लग, वायर आणि कपॅसिटर यांच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. हे भाग बहुतेक वेळा एकाएकी दगा देत नाहीत, आधी खुणा दाखवतात. त्या वेळीच ओळखल्या, तर आग, भाजणे आणि विजेचा धक्का यांचा धोका बराच कमी होतो.

दीड टनाचा एसी पूर्ण भारावर साधारण ७-८ अँपिअर वीज घेतो, तीही तासन्‌तास. इन्व्हर्टर नसलेल्या एसीत कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते. प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसत नसेल किंवा वायरचा स्क्रू ढिला असेल, तर त्या जागी विजेला रोध होतो आणि उष्णता तयार होते. उष्णतेने सॉकेटमधली पट्टी आणखी सैल पडते, तिच्यावर काळा थर चढतो आणि जोड आणखी तापतो. एमसीबी पडला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. एमसीबी जादा प्रवाह ओळखतो. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, फक्त तेवढीच जागा तापत राहते.

घरच्या घरी काय पाहावे?

एसी तासभर चालल्यावर स्विच बंद करावा आणि कोरड्या हाताने प्लगचे बाहेरचे प्लास्टिक चाचपावे. ते किंचित कोमट असणे चालते. चटका बसत असेल, तर एसी पुन्हा लावू नये. प्लास्टिक तपकिरी पडणे किंवा वितळणे, पिना काळ्या होणे, बोर्डातून तडतड आवाज येणे, जळका किंवा मासळीसारखा वास येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. एसीला १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र लाइन हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवू नये. वरचेवर एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणे तर फारच घातक, कारण मग वायर तापून जळेपर्यंत वीज तुटतच नाही.

बाहेरच्या युनिटचा आवाजही बरेच सांगतो. युनिट नुसते घुमते पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, काही सेकंदांनी ‘टक्’ होऊन बंद पडतो, किंवा पंखा रेंगाळत फिरतो, तेव्हा कपॅसिटर थकल्याची शक्यता असते. डबीचा सपाट माथा फुगणे किंवा तेल झिरपणे ही त्याची खूण. पण ही तपासणी मेकॅनिकचीच. मुख्य स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि जोराचा धक्का बसतो. कोकण, मुंबई, गोव्याच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या जोडांवर गंज लवकर चढतो. उंदीर वायर कुरतडतात, पाली आणि मुंग्या सर्किटवर शिरतात. तरीही खिडकीतून वाकून स्वतः युनिट उघडू नये.

शरीरावर काय होते?

सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहानेच हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकडलेली वायर सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. एसीच्या वायरमधून याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. म्हणून नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी घरात असायलाच हवे.

विजेची जखम वरून फसवी असते. कातडीवर छोटासा डाग दिसतो, आत मात्र स्नायू भाजलेले असतात. त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि लघवी गडद तांबूस होते. त्यामुळे जोराचा धक्का बसल्यावर, बरे वाटत असले तरी, रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.

कुणी विजेला चिकटले, तर आधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे, हात लावू नये. लगेच १०८ वर फोन करावा. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. एसीने पेट घेतला, तर वीज तोडावी, पाणी मारू नये, सर्वांना बाहेर काढून १०१ ला कळवावे.

यंदा सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला, की फिल्टरबरोबर आणखी तीन कामे सांगावीत: सगळे जोड घट्ट करणे, कपॅसिटर मोजणे आणि अर्थिंग तपासणे. बदललेला कपॅसिटर कंपनीने नेमून दिलेल्या मापाचाच आहे, याचीही खात्री करून घ्यावी. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण घरातल्या कुणीही दाबून पाहावे. ते दाबताच वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.