विश्लेषण : देऊळ फिरले की कॅमेरा?

संत नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढा नागनाथचे देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. आज देवळाभोवती चालत मोबाइलवर चित्रण केले, तर पडद्यावर देऊळ खरेच फिरताना दिसते. फिरतो आहे तो कॅमेरा, हे आपल्याला कळते. यंत्रमानवाला किंवा चालकरहित वाहनाला ते कसे कळावे? अंदाज चुकला, तर समोरून येणारा माणूस त्याला खांब वाटू शकतो.

प्रश्न नेमका काय?
कॅमेरा स्थिर असेल, तर दोन चित्रांत जे सरकले ते हलले. कॅमेराच चालू लागला की सगळेच सरकते. एसटीच्या खिडकीतून जवळचे झाड झपाट्याने मागे जाते, दूरची टेकडी सावकाश. म्हणजे नुसत्या सरकण्यावरून झाड कोणते आणि सायकलस्वार कोणता, हे ठरत नाही.

‘डेप्थ कॅमेऱ्या’चा उपयोग काय?
हा कॅमेरा चित्रातील बिंदूंचे अंतरही मोजतो. २०१० मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’मुळे तो स्वस्तात उपलब्ध झाला. अंतर कळल्यामुळे जवळचे झाड आणि दूरची टेकडी एकाच हिशेबात बसवता येतात.

हलणारे वेगळे कसे काढतात?
भिंत, खांब, पायऱ्या यांची परस्परांतील अंतरे बदलत नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्याच्या एकाच हालचालीने त्या साऱ्यांचे सरकणे उलगडते. संगणक कोणतेही तीन बिंदू निवडून ही हालचाल काढतो आणि ती आणखी किती बिंदूंना लागू पडते, हे मोजतो. असे अनेकदा करून सर्वाधिक बिंदूंना पटणारी हालचाल कॅमेऱ्याची मानतो. फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत ‘रॅन्सॅक’ म्हणून ओळखली जाते. हिशेबात न बसणाऱ्या बिंदूंवर तीच कृती पुन्हा केली की रिक्षा वेगळी, बैलगाडी वेगळी.

धोका कुठे?
बहुमतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत एकाच दिशेने निघालेल्या गर्दीने चित्र व्यापले, तर यंत्र गर्दीलाच स्थिर समजेल आणि देऊळ हलते आहे, असे मानेल. म्हणून चाकांच्या फेऱ्या आणि जायरोस्कोपच्या नोंदींशी पडताळणी करावी लागते.

औंढ्यात आणखी कुठे?
याच तालुक्यातील ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पातही असाच पेच आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधील आरसे जमिनीच्या थरथरीने हलले की गुरुत्वीय लहरींमुळे, हे तेथे वेगळे काढावे लागेल.