नाणे ‘प्रसिद्ध’ होते म्हणजे काय होते?

प्राचीन नाण्याला इतिहासाचे साधन म्हणून जी किंमत येते, ती त्यातील सोन्याचांदीमुळे किंवा त्याच्या दुर्मीळतेमुळे येत नाही. ते कोठे, कशाबरोबर आणि किती संख्येने सापडले, त्याचे वजन किती, त्यावर कोणती चिन्हे व कोणती अक्षरे आहेत, ही माहिती इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने छापली गेली, म्हणजे ती येते. नाण्यांच्या अभ्यासाला नाणकशास्त्र म्हणतात. या शास्त्राची अडचण अशी की, त्याची मूळ साधने एका जागी टिकत नाहीत. एकाच भांड्यात किंवा एकाच खड्ड्यात पुरलेली नाणी, ज्यांना या शास्त्रात ‘निधी’ असे नाव आहे, ती सापडल्यानंतर थोड्याच काळात वस्तुसंग्रहालये, व्यापारी आणि संग्राहक यांच्यात वाटली जातात, काही सोनाराच्या मुशीत जातात, आणि ती एकत्र असताना काय सांगत होती याचा पुरावा म्हणून फक्त छापील अहवाल मागे राहतो. शिलालेख डोंगरात जागेवर असतो, शंभर वर्षांनी दुसरा अभ्यासक तेथे जाऊन तो नव्याने वाचू शकतो. निधीच्या बाबतीत ही सोय नसते.

या दृष्टीने नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीचा निधी अभ्यासण्यासारखा आहे. सिन्नर तालुक्यातील या गावी १९०६ साली चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली आणि रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची ही लहानशी नाणी क्षहरात घराण्यातील नहपान या क्षत्रपाची होती. त्यांच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांतील लेख होता. ग्रीक अक्षरांतील मजकूरही भाषेने ग्रीक नव्हता, राजाचे प्राकृत नाव व बिरुदच तेथे ग्रीक लिपीत उतरवलेले होते. मात्र अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचे ठसे मारलेले होते. जुने नाणे न वितळवता त्यावरच नवा ठसा उमटवला, म्हणजे त्याला पुनराहत नाणे म्हणतात. नहपानाच्या चेहऱ्यावर किंवा त्याच्या लेखावर सातवाहनांचे कमानींच्या रचनेचे चैत्यचिन्ह आणि उज्जैन चिन्ह उमटले होते, आणि तरीही खालचा मूळ ठसा कडेने डोकावत होता.

नाशिकच्याच पांडवलेण्यांत, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात, तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश समूळ उखडला असे म्हटले आहे. अशा प्रशस्तीवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न इतिहासकारापुढे नेहमीच असतो, कारण राजाची स्तुती करणारा लेख पराभव कधी सांगत नाही. जोगलटेंभीच्या नाण्यांनी या विधानाला स्वतंत्र आधार दिला: ज्याच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा बसला, त्याचे नाणे आधीचे, हा क्रम तरी वादातीत ठरला. नहपान नेमका कोणत्या वर्षी राज्य करीत होता, त्याच्या काळातील लेखांत येणारी ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची की त्याच्याच कारकिर्दीची, यावर पुढे शंभर वर्षे वाद चालला आणि वेगवेगळी मते मांडली गेली. परंतु त्या सर्व मतांना जोगलटेंभीच्या क्रमाशी जुळवून घ्यावेच लागले.

स्कॉट यांचा अहवाल आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे, आणि ते कारण त्यांच्या एका चुकलेल्या तर्काशी निगडित आहे. या नाण्यांवरील चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत: कोठे तरुण, कोठे म्हातारा, कोठे गाल बसलेले, तर कोठे नाक बाकदार. हे चेहरे एकाच माणसाचे असणे शक्य नाही, त्या घराण्यातील वेगवेगळ्या व्यक्तींनी नहपानाच्याच नावाने आपापली छबी कोरून घेतली असावी, असे स्कॉट यांनी सुचवले. नंतरच्या अभ्यासकांचा कल मात्र हे वेगवेगळ्या ठसेकारांच्या हातांमुळे घडले असे मानण्याकडे आहे. स्कॉट यांनी आपला निष्कर्ष तेवढा सांगून चित्रे छापली नसती, तर वाचकाला तो मान्य करणे किंवा सोडून देणे यापलीकडे काही करता आले नसते. पुरावा आणि मत वेगवेगळे छापले गेल्यामुळे मत मागे पडले तरी पुरावा कामाला येत राहिला.

म्हणूनच नाण्यांवरील संशोधनाच्या मांडणीला काटेकोर शिस्त आहे, जी बाहेरच्या वाचकाला कंटाळवाणी वाटू शकते. प्रत्येक नाण्याचे वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, धातू, दोन्ही बाजूंचे वर्णन, तुटक अक्षरांसह लेखाचे वाचन, आणि दर्शनी व मागील ठशांच्या दिशांमधील कोन, जो घड्याळाच्या काट्यांच्या स्थितीवरून सांगतात, एवढे तरी त्यात यावे लागते. छायाचित्र शक्यतो नाण्याच्या प्रत्यक्ष आकाराचे असते; जुन्या सूचींत तर नाण्याऐवजी त्याच्या प्लास्टरच्या प्रतीचे छायाचित्र घेत, कारण धातूच्या चकाकीत बारीक अक्षरे हरवतात. ठशांचा अभ्यास हे या शास्त्राचे सर्वांत कष्टाचे काम. हाताने कोरलेले दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे दोन नाण्यांची दर्शनी बाजू एकाच ठशाची आणि मागील बाजू निरनिराळ्या ठशांची असल्याचे दिसले, तर ती दोन्ही एकाच टांकसाळीत थोड्या अंतराने पडली असे बहुधा म्हणता येते, आणि अशा जोड्यांची साखळी लावत गेल्यास टांकसाळीतील कामाचा क्रम व नाण्यांच्या उत्पादनाचा साधारण अंदाज हाती येतो. हे सर्व अर्थातच छायाचित्रे छापलेली असतील तरच शक्य होते.

वजनांच्या रूक्ष रकान्यांतून काय निघू शकते, हे गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवले. तक्षशिलेला भीर टेकाडावर १९२४ साली चांदीच्या आहत नाण्यांचा, म्हणजे पत्र्याच्या तुकड्यांवर लहान लहान शिक्के ठोकून तयार केलेल्या नाण्यांचा, एक मोठा निधी सापडला होता. त्यात अलेक्झांडरची आणि फिलिप अऱ्हिडेयसची नाणीही होती, म्हणून त्याच्या काळाचा अंदाज करता येत होता. ई. एच. सी. वॉल्श यांनी त्याचा अहवाल १९३९ साली पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. चिन्हांच्या अर्थाविषयी तर्क करण्यात त्या वेळचे बरेच अभ्यासक गुंतलेले असताना, कोसंबींनी वजनांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहिले. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून जितका काळ ते चलनात राहील तितके एका गटाचे सरासरी वजन घटते आणि गटातील नाण्या-नाण्यांमधील तफावत वाढते, हे त्यांचे गृहीतक होते, आणि ते तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली. आहत नाण्यांच्या मागील बाजूस जे बारीक शिक्के असतात, त्यांची संख्या वाढत जाते तसे सरासरी वजन कमी होत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे हे शिक्के चलनात असलेल्या नाण्यांच्या वेळोवेळी होणाऱ्या तपासणीचे असावेत. एकाने छापलेल्या वजनांवरून दुसऱ्याने असा निष्कर्ष काढावा, जो पहिल्याच्या मनातही नव्हता, यापेक्षा प्रकाशनाचे मोठे समर्थन शोधावे लागणार नाही.

पैशाचा इतिहास मात्र नाण्यांवरून पूर्णपणे लिहिता येत नाही. नाणे स्वतःची किंमत क्वचितच सांगते. नहपानाचा जावई उषवदात याच्या पांडवलेण्यांतील लेखात ही उणीव अनपेक्षितपणे भरून निघते. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (त्या काळचे नाणे) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, अशी अट होती. पहिल्या रकमेतून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते, आणि हिशेब केला तर २,००० वर वर्षाचे व्याज नेमके २४० येते. दुसऱ्या एका रकमेच्या संदर्भात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा भावही तेथे दिला आहे. हे सुवर्ण म्हणजे कोणते नाणे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण विणकरांचा संघ पतपेढीचे काम करीत होता, आणि व्याजाचे दर ठेवीनुसार बदलत होते, हे जोगलटेंभीच्या तेरा हजार नाण्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी कळले नसते.

नाणी आणि कागद एकमेकांशेजारी ठेवण्याची हीच गरज मराठा काळाच्या बाबतीत अधिकच जाणवते. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या बहुतेक रुपयांवर छत्रपतींचे किंवा पेशव्यांचे नाव नसून दिल्लीच्या बादशहाचे नाव आहे, त्यामुळे ते नाणे मराठ्यांच्या टांकसाळीचे की मोगलांच्या, हे अंकुशासारख्या एखाद्या लहान चिन्हावरून ठरवावे लागते; आणि अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का अशा नावांनी हे रुपये कागदपत्रांत येतात तेव्हा प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलून घेताना बसणारी तूट, वेगळी असल्याचे दिसते. टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, आणि मक्तेदाराने किती कसाची चांदी वापरावी याच्या अटी पेशवे दप्तरातील कागदांत सापडतात. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ १९८९ साली निघाला, तेव्हा कागद आणि नाणी यांची अशी सांगड पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर घातली गेली. तो ग्रंथ इंग्रजीत आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या मराठी नियतकालिकांना इतिहासलेखनाची मोठी परंपरा असूनही, नाण्यांचे शास्त्रीय लेखन आजही मुख्यतः इंग्रजीत होते. जगभरच्या तुलनेसाठी ते सोयीचे असले, तरी गावोगावी ज्यांच्या शेतात नाणी सापडतात, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही, ही गैरसोय लहान नाही.

शेतात नाणी सापडल्यावर काय करावे, हे १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने ठरवून दिले आहे: जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. व्यवहारात अनेक निधी कळवले न जाता बाजारात जातात, आणि तेथे नाणे कोठे सापडले याविषयी विक्रेत्याचे सांगणे एवढाच आधार उरतो. अशा नाण्यावर लेख लिहावा की नाही, यावर संशोधकांत दोन तट आहेत. लिहिले नाही तर कदाचित एखाद्या अज्ञात राजाचे एकमेव नाणे कायमचे दृष्टीआड होते. लिहिले तर त्या नाण्याला प्रतिष्ठा व भाव मिळून पुढच्या चोरट्या उकराउकरीला उत्तेजन मिळते, आणि ते नाणे बनावट निघाल्यास राजावलीतच एक खोटा राजा शिरतो. नाव छापून मोकळे न होता, ते नाणे लेखकाच्या हाती कसे आले, त्याच्या अस्सलपणाची कोणती तपासणी केली आणि आज ते कोठे आहे, हे लेखातच सांगणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. नाशिकजवळ आंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिच्याशी ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’ हे नियतकालिक जोडलेले आहे. नाणे तपासून घेण्यासाठी इथल्या संग्राहकाला लंडनकडे पाहावे लागत होते, तो काळ आता राहिलेला नाही.

जोगलटेंभीच्या निधीतील एक प्रश्न अजूनही विचारात घेण्यासारखा आहे. त्यातील सुमारे चार हजार नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा नाही. जुनी नाणी गोळा करून पुन्हा आहत करण्याचे काम अर्धवट असताना तो साठा पुरला गेला, की जुनी आणि नवी दोन्ही नाणी एकाच भावाने बाजारात चालत होती म्हणून ती एकत्र साठली? दुसरी शक्यता खरी असेल, तर सातवाहनांचा ठसा व्यवहाराच्या गरजेपेक्षा विजयाच्या घोषणेसाठी मारला गेला असे म्हणावे लागेल. याचा निर्णय ठसा असलेल्या आणि नसलेल्या नाण्यांची झीज व वजने यांची तुलना करूनच लागू शकतो, आणि त्यासाठी आज निरनिराळ्या संग्रहांत विखुरलेली ती नाणी, निदान कागदावर तरी, पुन्हा एकत्र यावी लागतील.