विजापूरची मराठा राजमाता

आदिलशाहीचा संस्थापक युसूफ याची बेगम म्हणजे मराठा सरदार मुकुंदरावाची बहीण. दरबारात ती बुबूजी खानम झाली. पुंजी खातून हेही तिचेच नाव. १५१० मध्ये युसूफ वारला, मुलगा इस्माईल अल्पवयीन आणि कारभारी कमाल खानाचा डोळा थेट तख्तावर. तिने विश्वासू माणूस पाठवून त्याचा काटा काढला. मग खानाचा मुलगा सफदर राजवाड्यावर चालून आला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, राणीवशातल्या स्त्रियाही शस्त्र घेऊन लढल्या. सफदर मारला गेला, इस्माईलने १५३४ पर्यंत राज्य केले. बुबूजीची लेक मरियम अहमदनगरच्या बुरहान निजामशहाला दिली. त्या सोयरिकीतून सोलापूरच्या किल्ल्याचा तंटा पेटला. आदिलशाही पहिल्याच पिढीत बुडाली नाही, याचे मोठे श्रेय या मराठा स्त्रीचे आहे.